दूरध्वनीवरील आरोग्यविमा आणि वैद्याचे रुग्णपत्रक

चिकित्सेचे चार पाद आपण महाविद्यालयीन जीवनापासून जाणतो : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, खुड्डाकचतुष्पाद अध्यायात, या प्रत्येक पादाचे चार चार गुण सांगितले आहेत. रोग्याच्या गुणांत स्मृती, निर्देशकारित्व आणि अभीरुत्व यांच्यासह ज्ञापकत्व हा गुण येतो. आपल्याला काय होत आहे, पूर्वी काय झाले होते, हे रोग्याला नीट सांगता यावे, असा त्याचा सरळ अर्थ. आजवर या गुणाची परीक्षा वैद्यासमोर होत असे. गेल्या काही वर्षांत ती दूरध्वनीवरही होऊ लागली आहे. तेथे प्रश्न विचारणारी व्यक्ती वैद्य नसते. आरोग्यविमा विकणाऱ्या कॉल सेंटरमध्ये कानाला हेडफोन लावून बसलेला एखादा तरुण किंवा तरुणी ते प्रश्न विचारीत असते आणि दिलेले उत्तर ध्वनिमुद्रित होत असते.

हा विषय आपल्या त्रैमासिकात कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. त्याचे उत्तर आमच्या वरोर गावी आम्हाला मिळाले. ते थोडे कडू आहे, आणि त्यात आमचीही चूक आहे. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो व मग विषयाकडे वळतो.

एक रुग्ण, एक फोन

वरोर हे डहाणू तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव. मासेमारी, थोडी बागायत आणि दागिन्यांसाठी लागणाऱ्या डाय बनविण्याचा घरगुती उद्योग, यांवर येथील बहुतेक कुटुंबे चालतात. आम्ही उभयता येथे अनेक वर्षे चिकित्सा करीत आहोत. आमच्याकडे तीन वर्षे प्रमेहाची चिकित्सा घेणारे एक गृहस्थ स्वतःच्या होडीवर मासेमारी करतात. वय बावन्न. प्रथम आले तेव्हा तळपायांचा दाह, रात्री वारंवार लघवी आणि थकवा या तक्रारी होत्या. बोईसरहून केलेल्या तपासणीत रक्तातील साखर स्पष्टपणे वाढलेली होती. आहार बदलला, औषधे सुरू केली, साखर बरीच आटोक्यात आली.

जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि माणसे घरी असतात. अशाच एका दुपारी त्यांना फोन आला. आरोग्यविमा किती आवश्यक आहे हे फोनवरील व्यक्तीने पंधरा मिनिटे समजावून सांगितले. हप्ता परवडण्यासारखा होता. मुलाने भ्रमणध्वनीवरून पैसे भरले. मध्येच आरोग्याविषयीचे प्रश्न झाले. त्यांनी सर्वांना "नाही" असे उत्तर दिले.

सात महिन्यांनी पायात मासळीचा काटा गेला, जखम चिघळली, पाय सुजला. शहरातील खासगी रुग्णालयात त्यांना दाखल करावे लागले. तेथील डॉक्टरांनी पूर्वेतिहास विचारला तेव्हा त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, की गावातील वैद्यांकडे साखरेसाठी तीन वर्षे औषध चालू आहे. ते तसेच लिहिले गेले. विमाकंपनीने दावा नाकारला आणि पॉलिसीही रद्द केली. कारण एकच : पूर्वीपासून असलेला मधुमेह प्रस्तावाच्या वेळी सांगितला नाही.

रुग्णालयाचे बिल एक लाख चाळीस हजारांच्या घरात गेले होते. ते आमच्याकडे आले आणि संकोचाने म्हणाले, "औषध पॉलिसीनंतर सुरू केले, एवढेच लिहून द्या." आम्ही नकार दिला. खोटा दाखला देणे नीतीला धरून नाही आणि नोंदणीकृत वैद्याला ते महागातही पडते, हे तर आहेच. पण त्या रात्री आम्ही त्यांचे जुने रुग्णपत्रक काढून पाहिले आणि खजील झालो. तीन वर्षांच्या नोंदींत औषधांची नावे होती, मात्रा होत्या, अनुपान होते. निदान मात्र पहिल्या भेटीत एकदाच, तेही आमच्या घाईच्या अक्षरात, लिहिलेले होते. रुग्णाशी बोलताना आम्ही "साखर थोडी वाढली आहे", "साखर सांभाळा" असेच म्हणत आलो होतो. "तुम्हाला मधुमेह आहे" हे वाक्य आम्ही त्यांच्याशी कधी स्पष्टपणे उच्चारले होते का, ते आम्हा दोघांनाही आठवेना. रुग्ण घाबरू नये, हा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की फोनवर "मधुमेह आहे का?" असे विचारले गेले तेव्हा त्यांनी मनापासून "नाही" म्हटले.

फोनच्या दुसऱ्या टोकाला

योगायोगाने त्याच सुमारास गावातीलच एक तरुणी मानेच्या वेदना आणि बसलेला आवाज घेऊन आमच्याकडे आली. ती मालाड येथे आरोग्यविमा विकणाऱ्या एका कॉल सेंटरमध्ये दीड वर्ष काम करीत होती. (आमच्या रुग्णाला फोन आला तो त्या ठिकाणाहून नव्हे.) पहाटे वाणगाव स्थानकावर गाडी पकडायची, विरारला बदलायची, दिवसभर आठ-नऊ तास बोलायचे आणि रात्री उशिरा घरी यायचे. तिच्याशी झालेल्या बोलण्यातून या कामाचे स्वरूप आम्हाला समजले. ते आपल्या वाचकांनाही समजावे असे वाटते.

संगणक आपोआप एकामागून एक क्रमांक लावतो. विमा शोधताना कोणी संकेतस्थळावर आपला क्रमांक दिला असेल किंवा जुनी पॉलिसी संपत आली असेल, तर असे क्रमांक यादीत येतात. समोरच्याने फोन उचलला, की पडद्यावर मजकूर येतो आणि तो वाचावयाचा असतो. दिवसाचे किती फोन झाले, किती मिनिटे बोलणे झाले, दोन फोनांमध्ये किती वेळ गेला, याची नोंद यंत्र ठेवते. महिन्याचे विक्रीचे लक्ष्य असते. पगाराचा मोठा भाग त्या लक्ष्यावर अवलंबून असतो. नोकरी टिकणेही.

आता आरोग्याच्या प्रश्नांकडे येऊ. ग्राहकाने एखाद्या आजाराला "होय" म्हटले, की प्रस्ताव थेट मंजूर होत नाही. तो कंपनीच्या छाननी विभागाकडे जातो. तपासण्या सांगितल्या जातात, जादा हप्ता लागतो, कधी प्रस्ताव नामंजूर होतो. यात आठ-पंधरा दिवस जातात. तोवर ग्राहकाचे मन बदलते आणि विक्री हातची जाते. ती मुलगी म्हणाली, "डॉक्टरकाका, समोरून 'होय' आले की आमच्या पोटात गोळा यायचा." म्हणून प्रश्न असा विचारण्याची सवय लागते, की त्यात उत्तर आधीच दडलेले असावे : "बीपी, शुगर, थायरॉईड, हार्टचे असे काही नाही ना?" एका दमात चार रोग आणि शेवटी "नाही ना". मजकुरात तसे लिहिलेले नसते. प्रत्येक रोग स्वतंत्रपणे विचारावा, असेच प्रशिक्षणात सांगितलेले असते. परंतु महिनाअखेर जवळ आली, की ही सवय बळावते.

या कामातील तरुणांना दोष देऊन आपण मोकळे होणे योग्य नाही. ही आपल्याच गावांतील मुले आहेत. शिवाय आपल्या व्यवसायाचे अनेक पदवीधर विमाकंपन्यांत आणि दाव्यांचे काम पाहणाऱ्या त्रयस्थ प्रशासक संस्थांत (टी.पी.ए.) नोकरी करीत आहेत. दाव्यांची कागदपत्रे तपासणे आणि प्रस्तावकाला फोनवर वैद्यकीय प्रश्न विचारणे ही कामे तेथे बी.ए.एम.एस. पदवीधरही करतात. म्हणजे फोनच्या दोन्ही टोकांना आपली माणसे आहेत.

जाता जाता चिकित्सकांसाठी एक निरीक्षण नोंदवितो. या कामात असलेल्या रुग्णांत स्वरभेद, मन्यास्तंभ, नेत्रदाह आणि मलावष्टंभ आम्हाला वारंवार आढळतात. त्यांच्या मुळाशी बहुधा वेगधारण असते. विश्रांतीच्या ठरलेल्या वेळेखेरीज जागेवरून उठता येत नाही, म्हणून पाणी कमी पिणे आणि मूत्रवेग रोखणे ही नित्याची गोष्ट होते. औषधाआधी हेतूची चौकशी करावी आणि निदानपरिवर्जन कितपत शक्य आहे, याचा विचार रुग्णाबरोबर बसून करावा.

विक्रीचे नियम

भारतात सर्वसाधारण विमाव्यवसायाचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर सार्वजनिक क्षेत्रातील चार कंपन्यांनी १९८६ साली मेडिक्लेम पॉलिसी आणली. विमा नियामक व विकास प्राधिकरणाची स्थापना १९९९ च्या कायद्याने झाली आणि २००० सालापासून खासगी कंपन्यांना या क्षेत्रात प्रवेश मिळाला. केवळ आरोग्यविमा विकणाऱ्या स्वतंत्र कंपन्या २००६ पासून आल्या. विक्रीसाठी फोनचा वापर वाढला, तेव्हा प्राधिकरणाने २०११ साली दूरस्थ विक्रीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. ठरवून दिलेला मजकूर वापरावा, विक्री करणाऱ्याने प्रशिक्षण घेतलेले असावे, संभाषण ध्वनिमुद्रित करून जपावे, असा त्यांचा आशय.

ध्वनिमुद्रण हे दुधारी शस्त्र आहे. विक्रेत्याने खोटे आश्वासन दिले असेल, तर ते ग्राहकाच्या बाजूने साक्ष देते. ग्राहकाने चुकीचे उत्तर दिले असेल, तर त्याच्याविरुद्ध साक्ष देते. आमच्या रुग्णाने विमाकंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे व नंतर विमा लोकपालांकडे दाद मागितली. अर्ज लिहिण्यास आम्ही मदत केली. ध्वनिमुद्रण मागविले गेले. त्यात प्रश्न घाईने विचारलेला होता, पण "शुगर" हा शब्द स्पष्ट होता आणि "नाही, काही नाही" हे उत्तरही स्पष्ट होते. तक्रार टिकली नाही.

वैद्याचे निदान हे निदानच

पुष्कळ रुग्णांची, आणि खरे सांगायचे तर काही वैद्यांचीही, अशी समजूत आहे की आयुर्वेदीय औषध चालू असणे म्हणजे "ट्रीटमेंट" चालू असणे नव्हे. विम्याच्या नियमांत ही समजूत टिकत नाही. पॉलिसीतील "वैद्यकीय व्यावसायिक" या संज्ञेत राज्याच्या भारतीय चिकित्सा परिषदेकडे नोंदणी असलेला वैद्यही येतो. महाराष्ट्रात आपली नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे असते. त्यामुळे पूर्वस्थित आजाराच्या व्याख्येत आपण केलेले निदान आणि आपण दिलेला सल्ला ही दोन्ही तेवढीच गणली जातात.

प्राधिकरणाच्या २०२४ च्या नियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्यापूर्वीच्या ३६ महिन्यांत ज्याचे निदान वैद्यकीय व्यावसायिकाने केले, किंवा ज्यासाठी सल्ला वा उपचार सुचविला अथवा घेतला गेला, तो पूर्वस्थित आजार होय. तो सांगून पॉलिसी घेतली, तर त्याच्यासाठी प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३६ महिने ठेवता येतो. पूर्वी ही मर्यादा ४८ महिने होती. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली, की त्यानंतर न सांगितल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही; सिद्ध झालेल्या फसवणुकीचा अपवाद आहे. पूर्वी यासाठी आठ वर्षे लागत.

या आकड्यांचा व्यवहारातील अर्थ रुग्णाला समजावून सांगणे सोपे आहे. "होय" म्हटल्यास हप्ता थोडा वाढेल किंवा त्या आजारासाठी तीन वर्षे थांबावे लागेल. इतर आजारांचे संरक्षण मात्र चालू राहील. "नाही" म्हटल्यास हप्ता कमी राहील आणि गरजेच्या वेळी सगळेच जाण्याचा धोका राहील.

न्यायालयांची भूमिकाही लक्षात घेण्यासारखी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २००९ रोजी एका मेडिक्लेम प्रकरणात विमाकंपनीच्या बाजूने निर्णय दिला. विमेदाराला मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार होता आणि प्रस्तावपत्रात तो सांगितलेला नव्हता. विमाकंपनीच्या निर्णयावर ज्याचा परिणाम होईल अशी, विमेदाराला माहीत असलेली प्रत्येक बाब सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे, असे न्यायालयाने म्हटले. याउलट ६ डिसेंबर २०२१ रोजी परदेश प्रवासाच्या विम्याच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने विमेदाराला न्याय दिला. त्याने मधुमेह आधीच सांगितला होता. रुग्णाची स्थिती जाणून पॉलिसी दिल्यावर त्याच स्थितीचे कारण पुढे करून दावा नाकारता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय. दोन्ही प्रकरणांत मधुमेह होता. फरक सांगण्या-न सांगण्याचा होता.

आयुर्वेदीय चिकित्सेला संरक्षण किती?

रुग्ण आपल्याला विचारतात, "या पॉलिसीत तुमचे उपचार बसतात का?" कॉल सेंटरमधून याचे उत्तर बहुधा एका शब्दात मिळते : "बसतात." ते अपुरे असते. म्हणून पुढील माहिती वैद्याजवळ असावी.

२०१३ च्या आरोग्यविमा विनियमांनी आयुष उपचारांना संरक्षण देण्याची वाट मोकळी केली. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या "आरोग्य संजीवनी" या प्रमाणित पॉलिसीत आयुष रुग्णालयातील आंतररुग्ण उपचारांचा समावेश झाला. ३१ जानेवारी २०२४ च्या परिपत्रकाने प्राधिकरणाने विमाकंपन्यांना सांगितले, की आयुष उपचारांना इतर उपचारांच्या बरोबरीने वागवावे. १ एप्रिल २०२४ पासून हे लागू झाले.

मात्र संरक्षण मुख्यतः आंतररुग्ण चिकित्सेला आहे. आयुष रुग्णालय म्हणजे शासकीय आयुष रुग्णालय, मान्यताप्राप्त आयुष महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय, किंवा स्थानिक प्राधिकरणाकडे नोंदणीकृत असे खासगी रुग्णालय. खासगी रुग्णालयात किमान पाच खाटा असाव्यात, पात्र आयुष चिकित्सक चोवीस तास उपलब्ध असावा, चिकित्साविभाग वा आवश्यक तेथे शस्त्रकर्मगृह असावे आणि रुग्णांच्या दैनंदिन नोंदी ठेवलेल्या असाव्यात. आमच्यासारख्यांचा केवळ बाह्यरुग्ण दवाखाना त्यात येत नाही आणि साधारण पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्चही मिळत नाही. हे रुग्णाला आधीच सांगितलेले बरे.

अर्श, भगंदर, आंत्रवृद्धी अशा व्याधींसाठी बहुतेक पॉलिसींत ठराविक प्रतीक्षाकाळ असतो. त्यामुळे पॉलिसी घेतल्यावर लगेच क्षारसूत्रासाठी दावा करण्याचा सल्ला देऊ नये. स्वस्थ व्यक्तीने केवळ शरीरशुद्धीसाठी वा विश्रांतीसाठी घेतलेले पंचकर्म, तसेच स्पा वा तत्सम ठिकाणचे उपचार यांनाही संरक्षण मिळत नाही. रुग्णालयाने अशा उपचाराला एखाद्या व्याधीचे नाव देऊन दावा पाठविला, तर त्याचे परिणाम सर्व आयुर्वेदीय रुग्णालयांच्या दाव्यांवरील विश्वासाला भोगावे लागतात.

रुग्णपत्रक कसे असावे

झालेल्या प्रकारानंतर आम्ही आमच्या दवाखान्यात पुढील पद्धत सुरू केली आहे. ती नवीन नाही. आपल्या गुरुजनांनी सांगितलेलीच आहे. फक्त आम्ही ती सैल केली होती.

१. निदान प्रत्येक रुग्णपत्रकावर ठळक लिहावे. आयुर्वेदीय संज्ञेबरोबर प्रचलित वैद्यकीय नाव लिहावे. "प्रमेह" एवढेच लिहिल्यास तपासणाऱ्याला आणि रुग्णाला दोघांनाही संदिग्धता राहते.

२. रोगाचा काळ रुग्ण सांगेल तसा, पण विचारपूर्वक लिहावा. "बऱ्याच वर्षांपासून" असे सैल शब्द टाळावेत. रुग्णाला सहा महिन्यांपासून त्रास असेल आणि आपण "जीर्ण" एवढेच लिहिले, तर त्याचा अर्थ लावण्याचे काम दुसऱ्याकडे जाते.

३. निश्चित निदान आणि शंका यांत भेद करावा. एकदाच वाढलेल्या रक्तदाबावर "उच्च रक्तदाब" असा शिक्का मारू नये. "आजचे मापन अमुक, पुन्हा तपासणे" असे लिहावे.

४. तपासण्यांचे अहवाल दिनांकासह नोंदवावेत. मधुमेहात गेल्या तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी (एचबीएवनसी) केली असल्यास तिचा आकडा लिहावा.

५. रुग्णाला रोगाचे नाव त्याच्या भाषेत, स्पष्टपणे सांगावे आणि सांगितल्याची खूण पत्रकावर करावी. धीर देणे आणि नाव न सांगणे या भिन्न गोष्टी आहेत.

६. नोंदीत मागाहून खाडाखोड करू नये. चूक दुरुस्त करावयाची झाल्यास एक रेघ मारून, दिनांक व सही करून दुरुस्ती लिहावी.

७. पत्रकाची एक प्रत रुग्णाजवळ असावी.

औषधी विक्रेत्यांसाठी

आंतररुग्ण उपचारापूर्वीच्या व नंतरच्या काही दिवसांतील औषधांचा खर्च दाव्यात मागता येतो. "आरोग्य संजीवनी"त दाखल होण्यापूर्वीचे ३० दिवस आणि घरी गेल्यानंतरचे ६० दिवस असा हा काळ आहे. येथे आपले बिल हाच पुरावा असतो. कागदाच्या कपट्यावर "काढा – २५०" असे लिहून दिलेले बिल दाव्यात टिकणार नाही. बिलावर अनुक्रमांक, दिनांक, रुग्णाचे व चिकित्सकाचे नाव, प्रत्येक औषधाचे नाव, उत्पादक, बॅच क्रमांक, प्रमाण आणि किंमत असावी. बिलाबरोबर चिठ्ठी जोडलेली असावी, कारण चिठ्ठीशिवाय मिळणारी पूरक द्रव्ये चिकित्सकाने उपचाराचा भाग म्हणून लिहून दिलेली नसतील, तर सामान्यतः ती वगळली जातात. मागील तारखेचे बिल कोणी मागितले, तर नम्रपणे नकार द्यावा. आम्हाला दाखल्याबाबत जे करावे लागले, तेच बिलाबाबत आपल्यालाही करावे लागेल.

रुग्णाला द्यावयाचा सल्ला

विमा घेताना पुष्कळ रुग्ण आधी वैद्याला विचारतात. त्या वेळी पुढील गोष्टी सांगाव्यात.

१. फोन घाईत असताना आला, तर "उद्या करा" म्हणावे. आरोग्याचे प्रश्न एकेक करून विचारण्यास सांगावे. ऐकू न आलेल्या प्रश्नाला उत्तर देऊ नये.

२. चालू असलेले प्रत्येक औषध सांगावे, आयुर्वेदीयही. शंका असेल, तर फोन ठेवून आपल्या वैद्याला विचारावे आणि मगच उत्तर द्यावे.

३. पॉलिसी हाती आल्यावर तिच्याबरोबरचे ग्राहक माहितीपत्रक आणि आपण दिलेली उत्तरे वाचावीत. माहितीपत्रक मराठीत मागता येते. उत्तर चुकीचे नोंदले असेल, तर लगेच लेखी कळवावे. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत ती परत करण्याचीही मुभा आहे.

४. नियामक प्राधिकरण स्वतः पॉलिसी विकत नाही, बोनस जाहीर करीत नाही. तसे सांगणारा फोन फसवणुकीचा समजावा. वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावर पूर्वी १८ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो नाही. कराच्या नावाने वेगळी रक्कम मागितली गेल्यास सावध व्हावे.

५. दावा नाकारला गेल्यास कारण लेखी मागावे. पॉलिसीतील कोणत्या अटीमुळे नाकारला, हे कंपनीने सांगावे लागते. प्रथम कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जावे. महिन्याभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालांकडे वर्षाच्या आत अर्ज करावा. तेथे शुल्क नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या तक्रारी तेथे चालतात. प्राधिकरणाचा १५५२५५ हा तक्रार क्रमांकही उपलब्ध आहे.

६. खासगी विमा घेण्यापूर्वी शासकीय योजना पाहावी. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झालेली व नंतर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळालेली राज्याची योजना २०२३ च्या शासननिर्णयाने सर्व कुटुंबांसाठी खुली करण्यात आली आणि तिचे संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपयांवर नेण्यात आले. तिच्यासाठी कुटुंबाला हप्ता भरावा लागत नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या अनेक घरांना हे माहीत नसते.

समारोप

त्या गृहस्थांची जखम भरून आली आहे. बिलासाठी घेतलेले कर्ज ते या हंगामाच्या मासळीवर फेडीत आहेत. औषध अजून आमच्याकडेच घेतात, याचा आम्हाला आनंदही वाटतो आणि थोडी लाजही. गेल्या महिन्यात त्यांच्या पत्नी तपासणीसाठी आल्या. रक्तदाब तीन वेगवेगळ्या दिवशी वाढलेला आढळला. आम्ही तो शब्द स्पष्ट उच्चारला, पत्रकावर ठळक लिहिला आणि त्यांनाही एकदा म्हणून दाखविण्यास सांगितले. त्या क्षणभर घाबरल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आता फोन आला तर 'होय' सांगायचे."

ज्ञापकत्व हा रोग्याचा गुण खरा, पण रोगाचे नावच ज्याला कोणी सांगितलेले नाही त्याच्याकडून त्याची अपेक्षा कशी करावी? ते नाव सांगण्याची जबाबदारी पहिल्या पादाची, म्हणजे आपली आहे. आपल्या वैद्यबंधूंनी व भगिनींनी या दृष्टीने आपापली रुग्णपत्रके एकदा चाळून पाहावीत, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो.